माडी आधी की वाडीतल्या माणसांची खोली?

गासची वाडीवाली

नमस्कार मंडळी. इथे वाचत असते, लिहायला आज पहिल्यांदा बसले. विषय घरातलाच आहे, पण घरात त्यावर शांतपणे बोलणं होईनासं झालंय.

आम्ही वसईच्या पश्चिम पट्ट्यातले, गासच्या बाजूचे, कॅथलिक. थोडी वाडी आहे. केळी, पानवेल, कडेकडेने तुळस आणि मोगरा. मिस्टर कंपनीत होते, आता पूर्ण वेळ वाडीच बघतात. घर तळमजल्याचं. सासूबाईंची खाट हॉलमध्ये. दोन खोल्यांपैकी एकीत खताच्या गोण्या, पंपाचं सामान आणि सुकेळ्यांचे डबे. मुलाची रात्रपाळी असली की दिवसा त्याला दार लावून झोपायला जागा नाही. मुलगी बारावीला गेली. आम्ही जेवून उठलो की स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती पुस्तकं मांडते, आणि सकाळी दुधाच्या आधी उचलते.

म्हणून माडी चढवायची ठरली होती. वर दोन खोल्या, संडास-बाथरूम, पुढे छोटी गॅलरी. मिस्टरांचा प्रॉव्हिडंट फंड, माझी भिशी, सासूबाईंनी ठेवलेली एफडी असं मिळून साडेआठ लाख जमलेत. कंत्राटदार येऊन माप घेऊन गेला. खिडकीच्या पडद्याचा रंगसुद्धा मुलीने ठरवून टाकला होता.

आता दुसरी बाजू. वाडीच्या कोपऱ्यात विहिरीजवळ जव्हारकडचं एक जोडपं राहतं. बरीच वर्षं आमच्याकडे कामाला आहेत, मुलं तीन. कुडाची झोपडी, वर निळी ताडपत्री. आवणीला ते गावी जातात, पण भातलावणी संपवून श्रावणात परत येतात तेव्हाही पाऊस काही संपलेला नसतो. आमच्या भागातली बावखलं, म्हणजे वाड्यांतली गोड्या पाण्याची तळी, एकेक करून बुजली, तसं पाणी वाडीत जास्त वेळ थांबायला लागलं. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेलं आणि लोकल बंद पडल्या, तेव्हा ती माणसं गावी होती म्हणून वाचली. झोपडी उरली नव्हती. गेल्या पावसात त्यांची मुलं कितीतरी रात्री आमच्या पडवीत झोपली.

ईस्टरआधीच्या या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) तीन संध्याकाळी प्रवचनं झाली. शेवटच्या दिवशी घरी येऊन मिस्टरांनी चप्पलही न काढता सांगितलं, "माडी थांबेल. आधी त्यांना पक्की खोली आणि संडास बांधायचा. जोतं उंच घेऊन." मी म्हटलं, ताडपत्री नवी घेऊ, पत्रे घालू. ते म्हणाले, "आपण राहू का पत्र्याच्या टपरीत? मग?"

मी श्रद्धा नसलेली बाई नाही. सेंट व्हिन्सेंट डी पॉलच्या कामात आहे, आजाऱ्यांकडे तांदूळ-डाळ पोचवते, रविवारची मिस्सा चुकवत नाही. द्यायला माझा हात आखडत नाही. पण आजवर जे दिलं ते घर चालवून उरलेल्यातून दिलं. इथे माझ्या मुलीची खोली जाते आहे.

मिस्टर संत गोन्सालो गार्सियांचं उदाहरण देतात. आपल्याच वसईत जन्मलेला माणूस, पूर्वेकडे व्यापारात चांगला जम बसलेला, तो सगळं सोडून फ्रान्सिस्कन संघात व्रतस्थ झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेला. मान्य. त्यांचं नाव घेतलं की माझेही हात जोडले जातात. पण गोन्सालोंच्या पाठीमागे सासू, बारावीची मुलगी आणि रात्रपाळीचा मुलगा नव्हता. संसारी माणसाकडून प्रभू नेमकं काय मागतो?

शिवाय नणंद फोनवर म्हणाली, "पक्कं घर बांधून दिलंत की उद्या कूळ लागेल, मग बसा कोर्टात." ते ऐकल्यापासून सासूबाई जेवताना बोलत नाहीत.

मला दोन प्रकारच्या लोकांकडून ऐकायचंय. ज्यांना पवित्र शास्त्र कळतं ते, आणि ज्यांनी स्वतःच्या सोयीतून खरंच काही काढून दिलंय ते. देताना कसं वाटलं हे नको. नंतर, रोजच्या रोज, घरात कसं निभावलं ते सांगा.

---

सावंतवाडीचे गुरुजी (निवृत्त)

ताई, तुमची घालमेल योग्य आहे. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय बघा. जो स्वकीयांची, विशेषतः घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे, इतक्या कडक शब्दांत तो लिहितो. आणि करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात, दुसऱ्यांना आराम आणि तुमच्यावर भार असं व्हावं हा आपला हेतू नाही, हेही त्यानेच स्पष्ट केलंय.

माझं मत: मुलीची बारावी एकदाच येते. माडी एका खोलीची करा, उरलेल्यात त्यांना पत्र्याची पण उंच जोत्याची खोली द्या. दोन्ही होईल. यजमानांना दुखवू नका. नवऱ्याला प्रवचनातून असा बोध होतो हे फार घरांत घडत नाही.

---

तलाठी कार्यालयात हयात गेलेला

कुळाची भीती घरोघरी असते म्हणून आधी तेवढंच सांगतो.

१९४८ च्या कुळकायद्यात कलम ४ आहे. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा कूळ मानला जातो, पण त्यातून काही जण वगळले आहेत. मालकाच्या घरचा माणूस, आणि पिकाचा हिस्सा न घेता रोख किंवा वस्तूरूप मजुरीवर काम करणारा गडी, किंवा मालकाच्या देखरेखीखाली कसणारा मजूर. तुमच्याकडचं जोडपं या दुसऱ्या प्रकारात बसतं. वाडी मिस्टर स्वतः बघतात. मजुरीची नोंद वहीत ठेवा, शक्य तर बँकेतून द्या. सातबाऱ्यावरची पीकपाहणी स्वतःच्या नावाने वेळच्या वेळी करा. म्हणजे वाडीला कूळ लागायची भीती उरत नाही.

राहत्या घराची गोष्ट वेगळी. त्याच कायद्यात शेतमजुरांच्या राहत्या घराला संरक्षण देणाऱ्या तरतुदी आहेत. म्हणून बांधण्याआधी कागद वकिलाला दाखवा आणि महापालिकेत परवानगीचं विचारून घ्या. जोखीम अगदी शून्य आहे असं मी सांगणार नाही. ती किती घ्यायची हे तुम्ही दोघांनी ठरवायचं.

आता एक जुनी गोष्ट, जिचा कायद्याशी संबंध नाही. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी वाड्या त्या कायद्याने आपल्या आजोबा-पणजोबांच्या नावावर आल्या. फेरफार माझ्या हातांखालून गेलेत. "कूळ लागेल" म्हणून जे आज घाबरतात, त्यांच्यातल्या अनेकांच्या घरात एकेकाळी कूळच नांदत होतं. सासूबाईंना हे हळूच सांगून बघा. त्यांच्या वयाच्या माणसांना ते दिवस आठवतात.

---

नालासोपाऱ्याचा, धर्मशिक्षण घेतो

काकू, थोडं टोचेल असं लिहितोय, राग मानू नका.

सगळे याला दान म्हणतायत. मला आधी विचारायचंय, त्यांना रोज किती देता? "राहायला जागा आहेच" म्हणून मजुरीतून काही कापलं जातं का? पावसात काम नसलेले दिवस, मूल आजारी पडलं ते दिवस, यांचं काय होतं? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या कार्याविषयी जो दस्तऐवज काढला त्यात एक फार सरळ गोष्ट आहे: न्यायाने जे देणं लागतं ते उपकार म्हणून देऊ नये. त्याच्याही आधी, १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी कामगारांवरच्या परिपत्रकात मजुरी माणसाला जगवणारी हवी असं लिहून ठेवलं. आणि बायबल तर त्याहून स्पष्ट बोलतं. अनुवाद २४: मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या. याकोब ५: शेतं कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे.

जी माणसं तुमच्या वाडीत राबतात, ज्यांच्या हातची केळी दादरला जातात, त्यांच्या डोक्यावर न गळणारं छप्पर ही उदारता मानावी का, याचा विचार करा. मला ती आधीच द्यायला हवी होती अशी गोष्ट वाटते. उदारता त्याच्या पुढे सुरू होते.

तुम्ही माडीबद्दल लिहिलंत म्हणून दोन ठिकाणं सांगतो, मी वर्गात मुलांना हीच सांगतो. यिर्मया २२ मध्ये राजाला बजावलंय: अन्यायाने माड्या चढवणाऱ्याला, शेजाऱ्याला फुकट राबवून स्वतःला प्रशस्त घर बांधणाऱ्याला धिक्कार असो. आणि २ राजे ४ मध्ये शुनेमची एक बाई आहे. ती नवऱ्याला म्हणते, अलीशा संदेष्ट्यासाठी वर छोटी खोली बांधू, तिथे पलंग, मेज, खुर्ची आणि दिवा ठेवू. तीही माडीच. देवाने माडीला कुठे नाव ठेवलेलं नाही. ती कोणाच्या कष्टावर उभी राहते आणि तिच्यात कोणाला जागा मिळते, एवढंच तो विचारतो.

आणि गुरुजी, आदर ठेवून एक विचारतो. तीमथ्याला लिहिलेलं वचन म्हाताऱ्या विधवांना त्यांच्या मुला-नातवंडांनी सांभाळावं, मंडळीवर, म्हणजे चर्चवर, भार टाकू नये, या संदर्भात आहे ना? ते आपली सोय राखण्यासाठी वापरता येईल का?

---

कोर्लईची

वाडीवाली ताई, "नंतर घरात कसं निभावलं" असं विचारलंस ते बरं केलंस. बाकी कुणी तसं विचारत नाही.

मी कोर्लईची, मुरूड तालुका. किल्ल्याच्या पायथ्याचा आमचा ख्रिस्ती गाव. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं. दुपारी दोन-तीन तासांत माडा-पोफळींच्या वाड्या झोपल्या, कौलं उडाली, विजेचे खांब लोळले. वर करोनाची टाळेबंदी. आमच्या घराचा एक कोपरा गेला, बाकी टिकलं. मागच्या आळीतल्या एका कोळी कुटुंबाचं काहीच उरलं नाही. ते ख्रिस्ती नाहीत, हे मुद्दाम सांगते, कारण तेव्हा आमच्यातल्याच काहींनी "आधी आपल्या माणसांचं बघा" म्हटलं होतं. आम्ही त्यांना घरात घेतलं. पाऊस लगेच सुरू झाला आणि ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहिले.

आता रोजचं सांगते. पहिला आठवडा सोपा असतो. तेव्हा गावातला प्रत्येक जण देतो. पुढे मोरीसमोर रांग लागते. त्यांचं जेवण आमच्याहून तिखट, माझ्या सासऱ्यांना खोकला लागायचा. त्यांचा मुलगा मोबाइल मोठ्याने लावायचा. महिना-दीड महिना वीज नाही, त्या काळोखात कोणाचं तरी मूल रडणारच. माझ्या मोठ्या मुलीने एकदा मला विचारलं, "आई, हे जाणार कधी?" मी तिला रागावले नाही. तिचं खरं होतं. सोय एकदाच देऊन मोकळं होता येत नाही, ती रोज सकाळी उठून पुन्हा द्यावी लागते. म्हणून मुलीला "देवासाठी सोस" असं सांगून गप्प करू नकोस. तिची खोली जाते आहे हे तिच्यासमोर कबूल कर. तिचा हक्क आहे तो, आणि तिला विचारून दिलंस तर देणाऱ्यांत तीही येते.

आमच्याकडे ज्या दोन-तीन गोष्टींनी निभावलं त्या सांगते. चूल वेगळी केली. पडवीत त्यांची चूल मांडली त्या दिवसापासून त्या बाईच्या चेहऱ्यावरचा ओशाळेपणा गेला, ती मलाच वाटीभर कालवण देऊ लागली. मोरीच्या वेळा ठरवल्या. आणि रात्रीच्या रोझरीला आम्ही त्यांना कधी बोलावलं नाही. ती माणसं आमच्या छपराखाली होती. तशा वेळी प्रार्थनेला बोलावणं म्हणजे त्यांना नाही म्हणता येणार नाही असं काहीतरी मागणं. त्यांची म्हातारी मागे येऊन बसायची ती आपल्या मनाने.

तुझ्या सगळ्या मजकुरात मला एक सापडलं नाही. तुझ्या मिस्टरांना काय वाटतं ते कळलं, सासूबाईंना, नणंदेला, तुला काय वाटतं तेही कळलं. जव्हारच्या त्या बाईला काय हवंय? तिला कोणी विचारलं का? आम्ही त्या कोळी कुटुंबासाठी वर्गणी काढून भांड्यांचा सेट आणला होता. त्यांना हवं होतं जाळं. भांडी त्यांनी घेतली, हात जोडले, पण धंदा उभा राहिला तो जाळ्यांनी, आणि त्यात उगाच वेळ गेला.

---

सावंतवाडीचे गुरुजी (निवृत्त)

नालासोपाऱ्याच्या चिरंजीवांचा संदर्भ बरोबर आहे. तो अध्याय विधवांविषयीच आहे. तरीही बारावीचं माझं म्हणणं कायम.

---

गासची वाडीवाली

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला कारण मध्ये पवित्र सप्ताह होता, आणि कोर्लईच्या ताईंचं वाचून मी आधी विहिरीवर गेले.

मी तिला सरळ विचारलं. बराच वेळ ती "तुम्ही द्याल ते" एवढंच म्हणत राहिली. मग मी तिच्याबरोबर पानं निवडायला बसले. पानं निवडता निवडता ती बोलली. तिला मोठी खोली नको आहे. तिला दार हवंय, आतून कडी लागणारं. मोठी मुलगी आता तेरा वर्षांची आहे. ताडपत्रीला कडी नसते. दुसरं, संडास, कारण अंधार पडला की आई-मुलीने मिळून बाहेर जावं लागतं. तिसरं, एक दिवा. जोतं किती उंच हे तिने विचारलंही नाही, पाण्याची तिला सवय झालीय. माझ्या मुलीला टेबलाची अडचण होते म्हणून मी इथे एवढं लिहिलं होतं. तिची मुलगी तर दाराविना वयात येते आहे.

त्या रात्री मी मिस्टरांना म्हटलं, खोली आधी. मनापासून म्हटलं. पण मुलीला आम्ही दोघांनी समोर बसवून सांगितलं, ठरलंय असं न सांगता विचारलं. ती रडली. मग म्हणाली, पडदे राहू देत, पण परीक्षेपर्यंत खतांची खोली मला रिकामी करून द्या. गोण्या आता पडवीत जातील. भावाने तिला टेबल आणून द्यायचं कबूल केलंय. त्याची दिवसाची झोप मात्र अजून तशीच अर्धवट आहे, त्यावर उपाय सापडलेला नाही.

मजुरीबद्दल. रोज गावात चालतो त्या दरानेच देतो, जागेचं काही कापत नाही. पण पाऊस कोसळून काम होत नाही त्या दिवसांचा खाडा आमच्याकडे धरतात, सगळ्याच वाड्यांत धरतात. मिस्टरांनी ठरवलंय की यंदाच्या श्रावणापासून ते दोघं वाडीत असतील त्या दिवशी खाडा नाही. पैसे तिच्या खात्यात वेगळे जातील, त्याचे त्याच्या. हे खोलीत मोजायचं नाही, असंही ते म्हणाले.

सासूबाईंना मी कृषक दिनाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला काय सांगतेस, सासऱ्यांच्या नावाचा कागद आला तेव्हा घरात पेढे वाटलेले, असं मी या घरात आल्यापासून ऐकतेय." मग म्हणाल्या, वकिलाकडे मात्र जाऊन ये. जाऊन आलो. त्यांनी साध्या भाषेत एक कागद करून दिलाय. त्यात मजुरी, कामाचं स्वरूप आणि राहण्याची जागा तिन्ही लिहिलंय. तो त्या दोघांना मोठ्याने वाचून दाखवला, आणि त्यांच्या गावचा शिकलेला मुलगा येईल तेव्हा त्याला दाखवा, मगच अंगठा-सही करा, असं सांगितलंय.

अंदाज तीन लाखांच्या आसपास निघतोय. विटांच्या भिंती, वर सिमेंटचे पत्रे, संडास आणि शोषखड्डा. माडी यंदा नाही. पुढच्या वर्षी एक खोली जमली तर करू. विषय तिथे ठेवलाय. नणंद अजून नाराज आहे.

आता कामाचं विचारते. मेच्या मध्यापर्यंत पत्रे चढायला हवेत. कोर्लईच्या ताई, तुमच्याकडे नव्याने बांधलेल्या घरांना जोतं किती घेतलं? आणि दार कोणतं घ्यावं? गवंडी लोखंडी म्हणतोय, पण आमच्याकडे खारा वारा आहे.

---

कोर्लईची

लोखंडी नको, बिजागऱ्या आधी गंजतात आणि दार खाली बसतं, मग कडी लागत नाही. चौकट सिमेंटची, दार फायबरचं घे. कडी आणि बिजागऱ्या स्टीलच्याच घे, तिथे पैसे वाचवू नकोस. आतून दोन कड्या लाव, एक वर, एक खाली.

जोतं अंदाजाने घेऊ नकोस. गेल्या पावसात विहिरीजवळ पाणी कुठवर चढलं ते तिलाच विचार, तिला भिंतीवरची रेघ माहीत असेल. त्याच्या वर दीड-दोन फूट धर. आणि शोषखड्डा विहिरीपासून जितका लांब नेता येईल तितका ने, पाणी तुम्ही सगळे त्याच विहिरीचं पिता.